न विचारता धरलेली पात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील तर ते माझ्या मामीचे. हे आधीच लिहून ठेवतो. पुढचं बरंचसं रागात लिहिलेलं आहे आणि त्या रागात हे वाक्य मागे पडायला नको.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. वडील आंधळगावच्या बाजारात हमाली करायचे, आई मिळेल त्या शेतात जायची. पाचवीला मला करडीला मामाकडे आणून ठेवलं ते ‘एक वर्ष पाहू’ म्हणून, आणि मी तिथेच वाढलो. दहावी करडीतच झाली. अकरावी-बारावीला रोज भंडाऱ्याला जावं लागे, तेव्हा सकाळच्या एसटीला मामी डबा घेऊन स्टँडपर्यंत यायची, कारण मी तो घरी विसरायचो आणि ती कधीच विसरायची नाही. मग नागपूरला इंजिनिअरिंग केलं, आणि तिथून शिष्यवृत्तीवर जर्मनीतल्या एका लहान शहरात पुढचं शिकायला गेलो. ‘घराण्यातला पहिला पदवीधर’ हे वाक्य मी इतक्या अर्जांवर लिहिलं आहे की आता ते दुसऱ्याच कोणाबद्दल आहे असं वाटतं. त्या अर्जांवर वडिलांचं नाव असतं, आईचं नाव असतं, त्यांचा व्यवसाय असतो. मामीसाठी रकाना नसतो.

मामीचा व्यवसाय रोवणी, म्हणजे भातलावणी. करडीत बारा-चौदा बायांची तिची टोळी आहे. आषाढ-श्रावणात ती गुत्त्यानं धानाची रोवणी घेते. म्हणजे एकेक बांधी, बांध घातलेला शेताचा तुकडा, ठरवून घ्यायची आणि टोळीनं मिळून पुरी करायची. बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात, हातात परह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंढी, आणि चिखलात रोपं खोवत मागे मागे सरकतात. प्रत्येकीच्या समोर तिच्या हाताच्या आवाक्याएवढा पट्टा असतो. ती तिची पात. पात सरळ ठेवायची, ओळ मोडू द्यायची नाही, आणि शेवटी सगळ्यांनी एकाच वेळी धुऱ्याला, म्हणजे बांधाला, टेकायचं.

कोणी मागे पडली तर? तर तिच्या दोन्ही बाजूच्या बाया तिच्या पातीतून वीत-वीत आपल्याकडे ओढून घेतात. तिचा पट्टा अरुंद होतो आणि ती ओळीत राहते. याला पात धरणं म्हणतात. ते करताना कोणी बोलत नाही. जिची पात धरली तीही बोलत नाही. गाणी चालू असतात, सासवांची उणीदुणी चालू असतात, आणि खाली चिखलात हात तेवढा एक वीत पुढे जातो.

मी अकरा वर्षांचा असताना परह्यांच्या पेंढ्या वाहून देत होतो. मी वरून पाहिलं की मामी शेजारच्या काकूची रोपं लावते आहे. मला वाटलं माझी मामी सगळ्यांत जलद आहे, हे लोकांना कळलं पाहिजे. मी धुऱ्यावरून ओरडलो, "मामी काकूची पात धरून राहिली!"

सगळी बांधी गप्प झाली. मग टोळीतली एक म्हातारी म्हणाली, "तुया मामीले दिसत नाही रे, दुसऱ्याच्या घरातबी अशीच शिरते." बाया हसल्या, काकूही हसली, काम पुढे चालू झालं. घरी जाताना मामीनं आधी पायांचा चिखल धुतला. मग म्हणाली, "पात धरली अन् सांगतली, तं धरलीच नाही." दुसऱ्या दिवशी तिनं मला शेतावर नेलं नाही. त्या काकूचं पोटातलं मूल आठवडाभरापूर्वी गेलं होतं आणि ती तशीच कामावर आली होती, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

मी तो नियम पाठ केला. सांगायचं नाही. माझी चूक अशी की मी तेवढाच पाठ केला.

आता ज्याचा राग आहे त्या अभ्यासक्रमाकडे येतो.

माझ्या पदवीला ‘आंतरसांस्कृतिक शिक्षण’ नावाचा एक विषय सक्तीचा आहे. तो पूर्ण ऑनलाइन असतो, तिकडच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, चालतो, आणि तो उत्तीर्ण झाल्याचा शेरा असल्याशिवाय दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती पुढे सरकत नाही. पहिलं वर्ष संपवून मी करडीला आलो होतो. म्हणून तो विषय मी मामाच्या गावी, तलावाच्या पाळीवर बसून केला, कारण मोबाइलला नीट रेंज तिथेच येते. त्यांच्या सकाळी दहाला आमच्याकडे दुपारचा दीड वाजायचा. मी बाभळीखाली लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचो आणि समोर खालच्या बांधीत मामीची टोळी रोवणी करत असायची.

मी हा विषय मनापासून घेतला होता, हे सांगायला हवं. मी सगळेच विषय मनापासून घेतो. वहीत समास पाडून टिपणं काढली. पहिल्या आठवड्यात प्रश्नमंजुषा होती. एका प्रश्नात तुमचा भारतीय सहकारी म्हणतो, ‘मी प्रयत्न करतो.’ त्याला काय म्हणायचं आहे? मी पर्याय निवडला की तो प्रयत्न करणार आहे. उत्तर चूक. बरोबर उत्तर होतं की तो सभ्यपणे नाही म्हणतो आहे. खाली हिरव्या अक्षरांत ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं आलं.

मी तो प्रश्न किती वेळ पाहत बसलो सांगता येत नाही. पाचवीपासून आजपर्यंत मी प्रयत्नाशिवाय दुसरं केलं काय होतं? पुढच्या पानावर देशोदेशीच्या स्वभावांचा तक्ता होता, आणि त्यात भारत नावाच्या चौकोनात एक आकडा होता, आज्ञाधारकपणाचा. तो माझा होता, दिल्लीच्या मोठ्या शाळेत शिकलेल्या माझ्या वर्गमित्राचा होता, आणि खाली चिखलात उभ्या असलेल्या त्या चौदा बायांचाही होता, ज्यांनी आदल्याच दिवशी बांधीची मोजणी चुकली म्हणून शेतमालकाला धुऱ्यावर उभा करून पुन्हा मोजायला लावलं होतं. मी पुन्हा प्रयत्न केला. ‘सभ्यपणे नाही’ वर टिचकी मारली आणि गुण घेतले. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

बाया जेवायला पाळीवर यायच्या. मला पाहून त्यांच्या चेष्टेला ऊत यायचा. एकीनं विचारलं, भाचेबुवाची शाळा अजून सुटली नाही काय, केस पिकाले आले. मामीनं विचारलं की हा विषय कशाचा आहे. मी सांगितलं, दुसऱ्या देशाच्या माणसांशी कसं वागायचं त्याचा.

"ते शिकाले इमानात बसून जा लागते?" मामी म्हणाली. "एक दिवस गुत्त्यावर ये. चवदा बाया, चवदा देश हायेत."

सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलं, कुठेतरी उपयोगी पडेल म्हणून. माणसांकडून कामाचं वाक्य तेवढं उचलायचं, हेही त्या विषयाच्याच आजाराचं लक्षण होतं हे आता कळतं.

शेवटचं काम जोडीनं करायचं होतं. माझा जोडीदार त्याच शहरातला, तिथेच वाढलेला मुलगा. आमच्या दोघांच्या भागातली कामाची पद्धत, असा अहवाल. अर्धा मी लिहायचा, माझ्या नावानं. अर्धा त्यानं लिहायचा, त्याच्या नावानं. दोन्ही अर्धे एकत्र दिले तरच अहवाल स्वीकारणार.

माझा अर्धा आठ दिवस आधी तयार होता. त्याचा सुरूच झाला नव्हता. मी विचारलं कधी होईल, तो म्हणाला लवकरच. पुन्हा विचारलं, पुन्हा लवकरच. शेवटच्या आठवड्यात एकदा तो पडद्यावर आला तेव्हा अंघोळ न केलेल्या माणसासारखा दिसत होता. मागची खिडकी भर दिवसा बंद होती. तो माझं बोलणं ऐकून मान हलवायचा, पण ती मान माझ्या वाक्याच्या नंतर, जरा उशिरा हलायची. मला वाटलं नेट अडखळतं आहे.

त्याच दुपारी मी लॅपटॉप मिटला आणि खाली पाहिलं. टोळी मागे सरकत होती. मामी मधोमध होती, नेहमीसारखी. पण तिची पात अरुंद होती. तिच्या दोन्ही बाजूच्या बाया वाकून तिच्या पट्ट्यातली रोपं लावत होत्या. मी लहानपणापासून मामीला दुसऱ्यांच्या पाती धरताना पाहत आलो. तिची पात दुसऱ्यांनी धरलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी मान फिरवली. पाहिलं आणि बोललो नाही. मला वाटलं, नियम पाळला.

मग मी जोडीदाराची पात धरली.

अहवाल द्यायला दोन दिवस होते. एका दुपारी बसून मी त्याचा अर्धा लिहिला. त्यानं सुरुवातीला पाठवलेल्या चार ओळी होत्या, बाकी मी वाचून, शोधून लिहिलं. त्याच्या गावच्या बेकऱ्या, तिथली कामाची वेळ, रविवारची सुट्टी. खाली त्याचं नाव घातलं आणि पाठवून दिलं. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धरलीच नसती. संध्याकाळी मामीच्या हातची आंबाडीची भाजी खाल्ली आणि बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. तिलाही सांगितलं नाही.

महिन्याभरानं मी जर्मनीला परत गेलो आणि तिथे विभागाचं पत्र वाट पाहत होतं. दुसऱ्याच्या नावाचा गैरवापर. माझ्या जोडीदारानं विभागाला सांगितलं होतं की त्याच्या नावावरचा मजकूर त्याचा नाही.

मला काय राग आला असेल याची कल्पना करा. मी कोणाचं काही घेतलं नव्हतं. मी दिलं होतं. माझी एक अख्खी दुपार, माझी मेहनत, वर त्याचंच नाव. आमच्याकडे अशा माणसाचं नाव कोणी पोलीस पाटलाकडे देत नाही. मी त्या शहराच्या रस्त्यांवरून चालताना मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो, भंडाऱ्याच्या बस स्टँडवर देतात तशा. ती भाषा त्या अख्ख्या शहरात माझ्याशिवाय कोणाला समजली नसती.

मग विषयाच्या समन्वयक बाईंशी भेट झाली. त्यांची खोली माझ्या वसतिगृहापासून दोन इमारती पलीकडे होती, तरी भेट ऑनलाइनच ठेवली होती. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या फार मऊ बोलल्या. म्हणाल्या, यामागे तुमची संस्कृती आहे हे आम्ही समजू शकतो. सामूहिक समाजांत माझं काम, तुझं काम अशी सीमा स्पष्ट नसते. तुम्ही दोन पानांचं चिंतन लिहा. तुमच्या पार्श्वभूमीनं तुम्हाला या चुकीकडे कसं नेलं आणि तुम्ही त्यातून काय शिकलात. ते आलं की आपण हे प्रकरण मिटवू आणि तुम्ही उत्तीर्ण.

मी आभार मानले. मी नेहमीच आभार मानतो. पडदा बंद झाला आणि मी लॅपटॉप दाणकन मिटला.

तरी मी लिहायला बसलो. शिष्यवृत्ती त्या दोन पानांवर अडली होती. पहिलं वाक्य सहज आलं: ‘माझ्या संस्कृतीत आपलं काम आणि दुसऱ्याचं काम यांत फरक केला जात नाही.’ नेमकं तेच त्यांना हवं होतं. मी ते वाचलं आणि मला धुरा दिसला. रोवणीच्या टोळीत फरक केला जात नाही? कोणत्या बाईची पात कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे तिथे बोटभरही चुकत नाही. चुकलं तर भांडण होतं. फरक ठाऊक असतो म्हणून तर धरलेल्या पातीला मोल आहे. ज्या बायांनी माझं सगळं शिक्षण त्या चिखलातून वर काढलं, त्यांना आपलं-परकं कळत नाही असं मी कबुलीजबाब म्हणून लिहायचं, आणि त्याबद्दल मला गुण मिळायचे. मी ते वाक्य खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. शिष्यवृत्ती गेली तर मी परत कोणत्या तोंडानं करडीच्या स्टँडवर उतरणार, हा विचार दर वेळी ते वाक्य परत लिहायला लावायचा.

शेवटी मी मामीला फोन लावला. तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि फोन मामेबहिणीचा, त्यामुळे सगळं ओरडून सांगावं लागलं. मला वाटलं होतं निदान ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोराले काय झालं होतं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"माहीत नाही तं पात काहून धरली?"

मी म्हटलं, मागे पडला होता. तूच धरायची ना.

"मी सकाळीच पाहून ठेवतो, कोणाची चाल कशी हाय. कोणाले ताप हाय, कोणाच्या घरी रात्री भांडण झालं. आळशी असन तं तिले बोलतो, तिची पात नाही धरत. समजत नसन तं इचारतो. डोयानं नाही दिसलं तं तोंडानं इचारायचं. तुले त्या कम्प्युटरच्या डब्यात दिसत नव्हतं, पर तोंड तं होतं?" मग म्हणाली, "अन् त्याच्यासाठी धरली का तुयासाठी?"

मी म्हटलं, आवाज तुटतो आहे. आवाज तुटत नव्हता. मी फोन ठेवला.

पुढचे चार दिवस मी मामीवरही रागावलेला होतो. हे लिहिताना बोट अडखळतं, पण तसंच होतं. बाई त्यांच्या पुस्तकातून मला चूक ठरवत होत्या, मामी तिच्या चिखलातून, आणि दोघींच्या मध्ये मी एकटा. पण बाईंवरचा राग दिवसेंदिवस वाढत गेला आणि मामीवरचा टिकेना. तिनं विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. अहवाल एकत्र दिला नसता तर मीही नापास होणार होतो.

पाचव्या दिवशी मी जोडीदाराच्या दारावर गेलो. न कळवता गेलो, तिथे तसं जात नाहीत. त्यानं दार उघडलं आणि बराच वेळ आत ये म्हटलं नाही. मग म्हटलं. त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं की, तो उन्हाळाभर आजारी होता. मनाचा आजार. दिवसचे दिवस अंथरुणातून उठता येत नव्हतं. डॉक्टरचा कागद जोडून त्यानं मुदतवाढ मागितली होती आणि ती मिळणार होती. पण त्याच्या नावानं अहवाल पोहोचला, आणि विभागानं त्याला विचारलं की आजारी होतास तर हे लिहिलं कोणी. एक तर आजार खोटा, नाहीतर अहवाल खोटा. त्यानं खरं सांगितलं.

"तू मला तीन वेळा विचारलंस कधी होईल," तो म्हणाला. "एकदाही विचारलं नाहीस की मी कसा आहे. आणि मग माझ्या नावानं माझ्याच गावाबद्दल लिहून टाकलंस."

माझ्या नावानं माझ्या गावाबद्दल दुसऱ्यांनी लिहून टाकलं म्हणून तर मी सगळा उन्हाळा धुमसत होतो. मी माफी मागितली. त्यानं ती घेतली की नाही हे कळलं नाही. त्यानं चहा केला, तो फार पातळ होता, आणि आम्ही तो संपेपर्यंत बसलो.

खोलीवर येऊन मी दोन पानं लिहिली. लिहिलं की ही चूक माझी आहे. माझ्या गावची रीत यात आरोपी नाही, उलट मी ती अर्धीच पाळली. आधी पाहायचं, न दिसलं तर विचारायचं, मग धरायची. मी पहिली दोन्ही कामं केली नाहीत. तुमच्या आठ आठवड्यांच्या विषयात विचारायला कुठेही शिकवलेलं नाही, फक्त दुसऱ्याला काय म्हणायचं असेल ते चार पर्यायांतून ओळखायला शिकवलं आहे, हेही लिहिलं. हे वाक्य लिहिलं नसतं तर कदाचित बरं झालं असतं. पण ते काढलं नाही.

उत्तर तीन ओळींत आलं. चिंतनात स्वतःच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीशी पुरेसा संवाद दिसत नाही. अनुत्तीर्ण. हिवाळी सत्रात विषय पुन्हा करता येईल. शिष्यवृत्ती तोपर्यंत थांबलेली राहील.

राग अजून आहे. तो जावा असं मला वाटतही नाही. पण तीन ओळींचा तो कागद टेबलावर ठेवून बसलो असताना मला बाई आठवत नव्हत्या. करडीच्या पाळीवरून दिसलेली ती अरुंद पात आठवत होती. त्याच दिवशी मी मामीला पत्र लिहिलं. फोन मी मुद्दाम टाळला. फोनवर ती मामेबहिणीसमोर काही बोलत नाही, आणि सातवीपर्यंत शिकलेली आहे, माझं अक्षर तिला लागतं. पत्र असं होतं:

आदरणीय मामीस,

सविनय जय भीम.

शाळेत शिकवलं होतं की मोठ्यांना पत्रात तुम्ही लिहावं. पण तुला तुम्ही लिहिलं की पत्र दुसऱ्याच कोणाच्या घरी जाईल असं वाटतं, म्हणून तूच लिहितो.

मी नापास झालो. आयुष्यात पहिल्यांदा. हिवाळ्यात तो विषय पुन्हा करायचा आहे आणि तोवर शिष्यवृत्ती थांबली आहे. मामाला हे तूच सांग. मला परत यावं लागेल का ते अजून माहीत नाही. यावं लागलं तर स्टँडवर येऊ नको, मी आपला घरी येईन. आईला मी वेगळं कळवतो.

मला पास होता आलं असतं. एक वाक्य लिहायचं होतं, तुझ्या टोळीतल्या बायांना आपली पात कोणती आणि दुसरीची कोणती ते कळत नाही असं. ते मी लिहिलं नाही. तू म्हणशील लिहून टाकायचं होतं, कागदानं काय होते. होते, मामी. मी कागदावरच इथपर्यंत आलो.

त्या पोराला जाऊन भेटलो. तो आजारी होता. तू म्हणाली तेच तोही म्हणाला, विचारलं का नाही. तुझ्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मला राग आला होता, आणि मी आवाज तुटतो म्हणून खोटं सांगून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. त्यासाठी माफ कर. आता मी आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जातो. तो बोलला तर बोलतो, नाही तर चहा पिऊन येतो. त्याचा चहा तू प्यायली तर थुंकून टाकशील.

आता जे विचारायला हे पत्र लिहिलं ते विचारतो.

या वर्षी मी पाळीवर बसलो होतो तेव्हा तलावाखालच्या मोठ्या बांधीत तुझी पात अरुंद होती. दोन्ही बाजूच्या बाया तुझी रोपं लावत होत्या. एक दिवस नाही, त्या दिवसापासून मी परत निघालो त्या आठवड्यापर्यंत रोज. तूही बोलली नाही, त्याही बोलल्या नाही, आणि मी वर बसून पाहत होतो आणि मीही बोललो नाही. मला वाटलं लहानपणी ओरडलो तसं परत करायचं नाही. पण मी ओरडायचं टाळलं ते बरोबर केलं, विचारायचं टाळलं ते चूक केलं. घरी आल्यावर चुलीजवळ तू एकटी असायची तेव्हा मला विचारता आलं असतं.

म्हणून आता विचारतो. मामी, तुला काय होतं? कंबर आहे, गुडघा आहे की आतलं काही दुखणं आहे? डाव्या हातानं पेंढी धरताना तुझी बोटं मिटत नव्हती, ते मी पाहिलं आहे. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं का? दाखवलं असेल तर डॉक्टर काय म्हणाले? ‘काही नाही रे बाबू’ असं लिहून पाठवू नको. ते उत्तर मी ओळखतो आणि ते मला चालणार नाही.

मामेबहिणीला लिहायला सांगू नको. ती तू सांगशील तेच लिहील. तू स्वतः लिही, हात दुखत असेल तर दोनच ओळी लिही, पण खऱ्या लिही. या पत्रासोबत माझा पत्ता लिहिलेला लिफाफा ठेवला आहे. तिकीट तिकडचं लागेल ते पोस्टमास्तरला विचार.

धान कापणीला टोळी घेऊ नको असं मी म्हणणार नाही. ते म्हणायचा माझा अधिकार नाही. फक्त घेण्याआधी मला सांग.

तुझा भाचा